नव्या डोळ्याला काहीतरी नवं

आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पट्टी सुटली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ती मला म्हणाली, "डोला नवा केलास ना गो? मग आता त्याला काय तरी नवा दाखव." मी म्हटलं, काय दाखवू, मॉल? तर म्हणाली, "दर्यातून उगवता सूर्य."

आई वेसाव्याची कोळीण. चाळीस वर्षं तिने अंधेरीच्या बाजारात मासे विकले, गेल्या वर्षी जागा सुनेला दिली आणि टोपली खाली ठेवली. सूर्य समुद्रात बुडताना तिने इतक्यांदा पाहिलाय की आता ती मान वळवूनही बघत नाही. उगवतो तो मात्र आमच्या बाजूला इमारतींच्या मागून. "अगं, पण तू रोज पहाटे माल घ्यायला मुंबईच्या पलीकडच्या धक्क्यावर जायचीस," मी म्हटलं. "तिथे तर पूर्वेला पाणीच आहे."

"हाय ना. पन सूर्य उगवायचा तवा माझी नजर पापलेटच्या कल्ल्यात. कल्ले लाल हायत का बगू, का तुझा सूर्य लाल हाय का बगू? मान वर केली की शेजारची माल उचलून पसार."

चाळीस वर्षं, आणि एकदाही नाही! मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच रिक्षावाल्यासमोर शब्द देऊन बसले.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी बोरिवलीला राहते, मालाडला एका ऑफिसात नोकरी करते आणि बेत आखणं हा माझा आजार आहे. दिवाळीच्या फराळाचीही माझी शीट असते, रंगीत. नवरा मूळचा मालवणकडचा, सासरे गिरणीत होते. गाडी चालवायची म्हटलं की याला जेवण लागत नाही. तरी आधी तो विमानाचं बोलला. आईने त्याला उडवूनच लावलं. "जावईबापू, विमानात बसून काय बगू, ढग? मना जमिनीवरून जायचाय. या दर्यापासून त्या दर्यापर्यंत, मधे काय काय हाय ते बगत."

ठरलं. बोरिवलीहून ओडिशातल्या गोपाळपूरला. डिसेंबरात मला आठ दिवस रजा मिळत होती, एकही जास्त नाही, साहेबांनी तोंड वाकडं करूनच दिली होती. चार दिवस जायला, चार यायला आणि मधे एक सकाळ. ती सकाळ आईची. बाकी सगळं त्या सकाळीभोवती बसवायचं.

पुढचे सहा रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर नुसती लढाई. मी लॅपटॉप उघडून थांबे दाखवायची आणि आई चणे खात एकेक उडवायची. घाटातला पॉइंट दाखवला. "दरी बघून पोट भरतं?" धबधबा दाखवला. "नळ फुटल्यासारखा दिसतोय." मग मी माझा हुकमाचा एक्का काढला, लोणारचं सरोवर. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून दगड पडला, एवढा मोठा खड्डा झाला, त्यात पाणी साठलं, जगभरातून माणसं बघायला येतात, असं मी अगदी रंगवून रंगवून सांगितलं.

"म्हावरा कंचा गावतो?"

"मासे नाहीत त्यात. पाणीच तसलं आहे, क्षारांचं."

आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढा मोठा तलाव, आन् म्हावरा नाय? मग त्या पान्याला बघायला जायचा की दुखवट्याला?"

नवरा इतका हसला की चहा नाकात गेला. मी चिडून लॅपटॉप बंद केला. "जाऊ दे, नकोच जाऊया! तूच बनव शीट!"

"रागावू नको गो. आसा कर, एक थांबा तुझा, एक माझा. तू मना खड्डा दाखव, मी तुला बाजार दाखवते."

असा तह झाला. लोणारनंतर भंडाऱ्याचा मासळी बाजार. नवेगावच्या तलावानंतर रायपूरचा बाजार. गंगरेलच्या धरणावर माझा सूर्यास्त आणि धरणाखालच्या मच्छीमारांची तिची सकाळ. शेवटच्या ओळीत मी गडद केशरी रंग भरला आणि लिहिलं: गोपाळपूर, किनारा, सूर्योदय सात वाजून पाच मिनिटं. फोनवर बघून लिहिलं होतं, बोरिवलीत, त्याच टेबलावर बसून. पावणेसातचा गजरही तेव्हाच लावून टाकला. कामात कशी, चोख!

निघालो तेव्हा डिकीत तीन बॅगा आणि आईचा एक डबा. डब्यात सुके बोंबील आणि जवळा. कसाऱ्याच्या घाटापर्यंत गाडीला असा काही वास सुटला की मी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. नवऱ्याने मात्र खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "आई, तुमी गाडीत आसल्यावर माका घरातच बसल्यासारखा वाटता."

लोणारच्या काठावर आई पाचच मिनिटं उभी राहिली. नव्या डोळ्यावर हात धरून तिने पूर्ण गोल न्याहाळला. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलेल. "बिचारा," म्हणाली. "एकटाच पडलाय." आणि तिने पाण्याला नमस्कार केला. त्या 'बिचारा'वर मी आणि नवरा पुढचे शंभर किलोमीटर हसत होतो, पण खरं सांगते, त्या तळ्याकडे बघून मलाही आता तसंच वाटतं.

भंडाऱ्याला मात्र तिने कमाल केली. गाडीतून उतरली ती थेट बाजारात, एका ढिवर बाईच्या, म्हणजे तिकडच्या कोळणीच्या, पाटीपुढे जाऊन बसली आणि तिच्या मरळ माशाचे कल्ले उचकून बघायला लागली. ती बाई खेकसली, "घ्यायचं असन तर हात लावा!" आई म्हणाली, "बाय, मीबी याच धंद्यातली, मुंबईची." झालं! दहा मिनिटांनी दोघी एकाच पाटावर. गोड्या पाण्यातले झिंगे कसे सोलायचे, बर्फ कुठून येतो, गिऱ्हाईक कसं सतावतं, आणि सुना काही ऐकत नाहीत. मी शीटमध्ये त्या थांब्याला अर्धा तास दिला होता. अडीच तास लागले. मी घड्याळ दाखवत होते आणि नवरा मला गप्प बसायची खूण करत होता. तिथेच त्या बाईने चुलीवर झिंग्यांचा रस्सा केला आणि आम्हाला जेवायला घातलं. गंगरेलचा माझा सूर्यास्त त्या रश्श्यात बुडाला, पण काय झकास रस्सा होता!

चौथ्या दिवशी, अंग आंबून गेलेलं, आम्ही गोपाळपूरला पोचलो. हॉटेल किनाऱ्यालाच होतं. बॅगा तशाच टाकून आई वाळूत जाऊन बसली आणि सवयीने पाण्याकडे तोंड करून सूर्य बुडायची वाट बघायला लागली. तो मागे, घरांच्या पलीकडे केव्हाच गेला होता.

"सगला उलटा कारभार हाय इथे," ती हसत म्हणाली. "आन् कालोख पन किती लवकर झाला गो आज."

"थंडीचे दिवस आहेत आई," मी म्हटलं. शहाणी ना मी!

सकाळी पावणेसातला गजर झाला. डोळे उघडले तर खोलीत लख्ख ऊन. पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी थेट माझ्या उशीवर. शेजारचा आईचा पलंग रिकामा. आधी वाटलं घड्याळ बंद पडलं, मग वाटलं फोन बिघडला, आणि मग लक्षात आलं. अडीच हजार वेळा शाळेत शिकलेलं, की सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो! आम्ही चार दिवस पूर्वेकडेच तर येत होतो. पाऊण तास आधी उगवून बसला होता तो. माझ्या शीटमध्ये बोरिवलीचा सूर्य होता.

"वाट लागली!" मी ओरडले. नवरा दचकून उठला. मी तशीच, गाऊनवर स्वेटर घालून, अनवाणी पळत सुटले.

आई किनाऱ्यावर होती. नुकत्याच लागलेल्या एका होडीजवळ पाचसहा कोळणी जाळ्यातून मासळी सोडवत होत्या आणि त्यांच्यात फतकल मारून आमची आई. भाषा एक अक्षर कळत नव्हती, हात मात्र त्यांच्याइतकेच भरभर चालत होते. सूर्य चांगला हातभर वर आला होता.

"बघितलास?" मला धाप लागली होती.

आईने माझ्याकडे बघितलं. "बघितला."

"कसा होता?"

"लाल."

मी मटकन वाळूत बसले आणि रडायलाच लागले. एवढी मोठी बाई, त्या सगळ्या कोळणींसमोर हमसून हमसून. "मला उठवलं का नाहीस? मला तुझ्याबरोबर बघायचा होता! त्यासाठी तर एवढं सगळं केलं मी!"

"चार दिस पुढे बसून वाट दाखवत होतीस, तोंड उघडा टाकून झोपली होतीस. म्हटला, झोपू दे." तिने माशांचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "झाला ना बघून. पुस डोले. चल, निघायचाय ना आपल्याला नऊ वाजता?"

तोपर्यंत नवरा तीन चहा घेऊन वाळू तुडवत आला. त्याने सगळं ऐकलं, चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आज राहूया. उद्या बघू परत."

"अरे, एक दिवसही शिल्लक नाही! रजा..."

"परतीचे थांबे काढून टाक. सगळे. मी सरळ हाणतो गाडी."

"पण शीट..."

"शीट घाल चुलीत."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती नको म्हणेल, उगाच कशाला म्हणेल. तर ती पटकन म्हणाली, "तुझ्यासाठी म्हनून राहू. तुझा बघायचा राहिलाय ना." मी तिथेच फोन काढला आणि परतीचे चार थांबे एका दमात पुसून टाकले. दोन धबधबे, एक देऊळ, एक जंगल. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईनेच साडेपाचला माझी चादर ओढली. तिघंही जाऊन पाण्यापाशी बसलो. आकाश आधी राखाडी, मग पिवळं झालं. आई एरवी एक मिनिट गप्प बसत नाही, पण आता ओठ घट्ट मिटून बसली होती. मग पाण्याच्या रेषेवर एक लाल ठिपका दिसला. ठिपक्याची कोर झाली आणि कोर वर सरकायला लागली.

मी सूर्य बघायला आले होते, पण बघत राहिले आईकडे. तिने माझं मनगट पकडलं होतं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. तोंड उघडं. नव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "आग बाय... आग बाय गो... पान्यातनं येतोय! भिजलेला येतोय बग!"

असं काही तरी पहिल्यांदाच बघणारं माणूस बोलतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पापलेटचं वर्णन अर्धा तास करणारी ही बाई काल सूर्याबद्दल एकच शब्द बोलली होती.

"आई," मी म्हटलं, "काल असाच होता?"

तिने नजर हलवली नाही. "काल कुठे बघितला मी? तो यायला आन् होडी लागायला एकच गाठ पडली. बांगडा होता गो, ताजा फडफडीत. कल्ले बघायला वाकले. मान वर केली तर हा वर."

"मग खोटं का बोललीस?"

"तू रडत होतीस."

म्हणजे नवरा बोलला नसता तर ती तशीच, काही न बघता, अठराशे किलोमीटर परत आली असती. आणि बोरिवलीपर्यंत मला म्हणत राहिली असती, बघितला, लाल होता. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आमच्या मागे होडी वाळूला लागली. कालच्याच कोळणी होत्या, आईला ओळखून हाका मारायला लागल्या. टोपल्या आपटल्या, जाळं ओढलं, मासळी तडफडल्याचा आवाज आला.

आईने मान वळवली नाही.