मला इंग्रजी येत नाही, असं मी कोर्टात सांगितलं

आर्या, नील — हे मी, तुमच्या आजीने, कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला ठाऊक आहे, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

बाबा गाडी का चालवत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. सायकलवरच्या मुलीला धडक देऊन तो थांबला नाही, त्याची शिक्षा त्याने भोगली. माझा भाग मात्र तुम्हाला माहीत नाही.

धडकेच्या दुसऱ्या सकाळी अमेरिकेतल्या आपल्या नोव्हाय गावच्या घरी पोलीस आला. वॉरंट नव्हतं. गॅरेज बघू का, म्हणाला. दारात आलेल्याला उभं कसं ठेवायचं? या ना, बघा, चहा घेणार का — सगळं मी इंग्रजीतच बोलले. तो हसला. "मॅडम, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे." मी सुखावले! फुटलेल्या हेडलाइटचा मला पत्ताच नव्हता.

मग बाबाने वकिलाचं म्हणणं सांगितलं. वॉरंटशिवाय घेतलेल्या झडतीतला पुरावा कोर्टात चालत नाही. पण घरच्या माणसाने समजून होकार दिला असेल, तर चालतो. समजून — तेवढा शब्द मी धरून ठेवला.

कोर्टात मी दुभाषी मागितला. काही कळलं नाही म्हणून नुसती मान हलवली, असं मराठीत सांगितलं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी! पोलीस खरं बोलत होता, माझ्याकडे बघत होता. न्यायाधीशांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर — पांढरे केस, डोक्यावर पदर. एरवी मी पदर कधी घेतला होता?

तरी पुरावा टिकला. एका बाईने गाडीचा नंबर आधीच कळवला होता, दुसरा अधिकारी तेव्हाच वॉरंट आणायला गेला होता. गाडी सापडणारच होती, आणि अशा वेळी झडती चुकीची असली तरी पुरावा राहतो — कायद्यातला अपवाद. तेव्हा मी त्या अपवादाला शिव्या घातल्या. आता देवापुढे दिवा लावताना त्याचे आभार मानते. तो नसता तर माझं खोटं जिंकलं असतं. त्या मुलीला — ती अजून लंगडते — काय मिळालं असतं? आणि तुम्हाला कसला बाप मिळाला असता?

त्या निकालानंतर कोर्टाच्या पार्किंगमध्ये बाबा म्हणाला, "आई, पुरे आता." मग त्याने गुन्हा कबूल केला.

त्याने केला. मी नाही. पोलिसाच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही, हे त्या निकालात अजून तसंच आहे.