‘मना’ म्हणजे मला

माझ्या व्यवसायाला मराठीत ‘संघटना विकास’ म्हणतात. त्यामुळे रोह्याच्या कारखान्यांत सुरुवातीला लोक मला युनियनचा माणूस समजत आणि मनमोकळं बोलत. मी कंपनीनेच बोलावलेला आहे हे कळल्यावरही काही जण बोलत राहिले. चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यात बसायचो. ऐकलेलं नंतर साहेबांपुढे माझ्या शब्दांत मांडायचो. कुणाचं नाव नाही, की कुणाची बोली नाही. हे काम मला तेव्हा हलकं वाटे.

मग मोबाईलवरचे सर्व्हे आले. ऐकण्याचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं, माझ्याकडे पडद्यावर दाखवण्याचं उरलं. उत्तरं जशीच्या तशी दाखवायची, म्हणजे अस्सल आवाज पोचतो, असं आम्हाला शिकवलं होतं. नाव गुप्त राहील, असं मी प्रत्येक शिफ्टला जातीने सांगून आलो होतो.

एका रसायन कारखान्याच्या सभेत पडद्यावर कंट्रोल पॅनेल विभागातलं एक उत्तर आलं : ‘वॉल्व गलतंय, तीनदा सांगला. मना कोन इचारतंय?’

कारखान्याचे प्रमुख म्हणाले, “हे मना काय आहे? टायपिंगची चूक?”

इथे गप्प बसता आलं असतं. पण बोलीभाषांवरची चार पुस्तकं मी वाचली होती, आणि ती वाया जात होती. “चूक नाही सर,” मी म्हणालो. “पेणच्या खाडीकाठी ‘मला’ला ‘मना’ म्हणतात. फार गोड बोली आहे.”

पॅनेलवर काम करणारे बाकी सगळे वरसे, खांब अशा रोह्याजवळच्या गावांतले. पेणच्या खाडीकाठचा एकच होता. सोळा वर्षं पॅनेल सांभाळणारा, रोज पेणहून बसने येणारा.

वॉल्व दुसऱ्याच दिवशी बदलला. तो माणूस पंधरवड्यात वजनकाट्यावर गेला. बदलीच्या पत्रात ‘नव्या अनुभवाची संधी’ असे शब्द होते. ते माझ्याच एका प्रशिक्षणातले. मी प्रमुखांना भेटलो. ते शांतपणे म्हणाले, “आपण कुणाचं नाव तरी घेतलं का?” खरंच घेतलं नव्हतं.

मी काट्यावर गेलो. तो ट्रकची पावती फाडत होता.

“माझ्यामुळे झालं हे,” मी म्हणालो.

“हितं बरा हाय साहेब. सावली हाय. काट्याला तीनदा सांगावा लागत नाय.”

“पॅनेलवर परत घेतात का, बोलून बघतो.”

“नको. तुमी आता बोलू नका.” मग पावती ड्रायव्हरला देत म्हणाला, “आमची भाषा वलखणारे तुमी पयलेच साहेब. बाकीच्यांना कलत नव्हती, तवा बरा चाललेला.”

पुढच्या वर्षीच्या सर्व्हेत त्या कारखान्याचे सगळे रकाने हिरवे आले. उत्तरं शाळेच्या पुस्तकातल्यासारखी : ‘वरिष्ठांचे सहकार्य लाभते.’ ‘सर्व काही समाधानकारक आहे.’ प्रमुखांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. मी ती उत्तरं घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचली. त्यातलं त्याचं कुठलं, ते मला ओळखता आलं नाही.