काटे उभे करणारे सलीमचाचा

थांबा, बाकी सगळं नंतर, आधी हे ऐका. आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या पोटात राहणार नाही. आमचे सलीमचाचा गेले. तीन आठवडे झाले. मी धायरीच्या पेट्रोल पंपावर रांगेत होते आणि बाबांचा फोन आला. "अगं, सलीमभाई गेले," एवढंच म्हणाले. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि मला एकदम वाटलं, चाचा असते तर त्याला म्हणाले असते, "वाजवा, वाजवा, पंप जवळ येईल." आणि मला हसू आलं. खरंच सांगते, बातमी कळल्या कळल्या मी हसले.

चाचांचं शनिवार पेठेत गाड्यांच्या मीटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत गेला की वळायला बाहेर यायचं. तीन पिढ्या पुण्यात, त्यामुळे मराठी आमच्याहून पुणेरी. बाहेर पाटी : 'मीटर दुरुस्त करून मिळेल. गाडी कमी चालल्याचे दाखवून मिळणार नाही.' बाबा त्यांच्याकडे जायचे ते त्यांच्या लाडक्या गाडीसाठी. आमची एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आहे, हिरवी, दोन सीटची, टप काढता येणारी, वयाने बाबांपेक्षा मोठी. बाबा गणिताचे मास्तर. आयुष्यात त्यांनी हौस केली ती ही एकच, आणि त्या गाडीतला स्क्रूसुद्धा मूळचाच हवा हा त्यांचा हट्ट. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्याचंच तर बक्षीस मिळायचं त्यांना!

मला ती गाडी चालवायची होती. लहानपणापासून. खूप. शेवटी बाबांनी एका रविवारी चावी दिली, आणि मी कात्रजच्या जुन्या घाटात इंजिन उकळवलं! आता माझी बाजू ऐका. त्या गाडीचा टेम्परेचरचा मीटर पार डावीकडे, शेजारच्या सीटसमोर. वर आकडे फॅरनहाइटमध्ये. मला दिसलं दोनशे वीस. मी मास्तरांची मुलगी, लगेच मनात बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ... भागाकार संपायच्या आत बॉनेटमधून वाफ. बाबा रागावले नाहीत, ते जास्त वाईट. नुसते म्हणाले, "उत्तर किती आलं?" आणि चावी कपाटात गेली. आता ही गाडी आपल्याला कधीच मिळत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

गाडी तपासायला चाचांना घरी बोलावलं होतं, तेव्हा मी त्यांच्यापुढे रडगाणं गायले. ते म्हणाले, "तू मीटर वाचत बसलीस ना? मीटर वाचायचा नसतो, बघायचा असतो. घरात शिरल्यावर आईचा मूड काय आकड्यात वाचतेस का?" मग त्यांनी बाबांना गळ घातली आणि पुढच्या रविवारी सकाळी मला मांजरी गावाकडे नेलं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता मोकळा. गाडी मी चालवत होते, चाचा शेजारी, हातात माझी लाल नेलपॉलिशची बाटली! इंजिन छान तापलं, गाडी मजेत पळायला लागली, तसे ते एकेका मीटरच्या काचेवर, काटा असेल तिथे, ठिपका देत गेले. म्हणाले, "सगळं ठीक असताना कोण कुठे उभं असतं ते आधी बघून ठेवायचं. बिघडल्यावर सगळेच बघतात."

घरी आल्यावर त्यांनी मीटर सोडवले. पेट्रोलचा मीटर डावीकडे नेला आणि टेम्परेचरचा माझ्या समोर आणला. त्याच्यामागे तांब्याची केसासारखी नळी असते, ती मोडली की मीटर कायमचा गेला, म्हणून बाबा श्वास रोखून उभे. नळी पुरली. मग चाचांनी ऑइलचा, टेम्परेचरचा आणि बॅटरीचा मीटर असा फिरवला की लाल ठिपका बरोबर वर येईल. म्हणजे सगळं ठीक असलं की तिन्ही काटे सरळ उभे. एक कलला की समजायचं, थांबा! पेट्रोलचा मात्र तसाच ठेवला. "तो रोज पडतो. त्याला कुठे उभा करता?"

बाबांचा चेहरा... अहो, आकडे सगळे वाकडे! "सलीमभाई, हे काय केलंत? ओरिजिनल गेलं की!"

"मास्तर, नटच सैल करायचाय. म्हणाल तेव्हा पाच मिनिटांत पूर्वीसारखं करून देतो. फक्त आधी ठरवा, गाडी बघायला ठेवायची की पोरीला चालवायला द्यायची."

बाबांनी तेव्हा काहीच ठरवलं नाही. पण चावी कपाटाबाहेर आली. कात्रजचा घाट मी त्यानंतर कितीदा चढले! एकदा मधला, टेम्परेचरचा काटा थोडा उजवीकडे झुकला, मी गाडी बाजूला घेतली, पंख्याचा पट्टा सैल झाला होता. चाचांना फोन केला तर म्हणाले, "शाबास. भागाकार नाही ना केलास?"

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं टाइप करतेय. चाचा गेल्यावर दहा-बारा दिवसांनी प्रदर्शनाचे अर्ज आले. बाबा गाडीत बसून डॅशबोर्डकडे बघत होते, मांडीवर पान्ह्यांचा डबा. वाकड्या आकड्यांना बक्षीस मिळत नाही हे मलाही माहितीये, आणि सरळ करायला पाचच मिनिटं लागतात... बऱ्याच वेळाने ते डबा न उघडताच वर आले आणि टेबलापाशी अर्ज भरायला बसले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. 'वाहन संपूर्ण मूळ स्थितीत आहे काय? नसल्यास कारण लिहा.'

बाबांनी त्यांच्या फळ्यावरच्या सुंदर अक्षरात लिहिलं : 'नाही. मुलगी चालवते.'

मग पेन खाली ठेवून म्हणाले, "जा, एक चक्कर मारून ये." मी शनिवार पेठेतून गेले. दुकानाचं शटर बंद होतं. क्षणभर थांबले, इंजिन चालू ठेवूनच. तिन्ही काटे मस्त उभे होते.

तुमच्याकडे आहे का हो असं काही, कुणीतरी तुमच्यासाठी मुद्दाम वाकडं करून ठेवलेलं, आणि आता कुणालाच सरळ करावंसं वाटत नाही असं?