फेलिसितासची पोरं

माझी थोरली बहीण फेलिसितास पुनो शहरातल्या दवाखान्यात नर्स आहे, आणि स्वस्थ बसणं तिला जमतच नाही. मधुमेह झालेली वयात आलेली पोरंपोरी दर शनिवारी तिच्याभोवती जमतात. बिअर, सिगारेट, जागरणं, ती सगळ्याबद्दल उघड बोलते. "पिऊ नका हे तर सांगतेच. पण मोह झालाच तर उपाशीपोटी नाही, आणि सोबतच्या एकाला तरी आजार सांगून ठेवा." आयांना हे पटत नाही. पोरांना बिघडवते म्हणतात.

यंदा जत्रेत सोळा वर्षांची नाइदा पहिल्यांदा नाचणार होती. तिची आई इलारिया नकोच म्हणत होती. फेलिसितासने हमी घेतली. नाचणाऱ्यांत बिअरचा एकच पेला फिरतो, नाही म्हणणं म्हणजे अपमान. पण प्यायच्या आधी थोडी भूमातेच्या नावाने जमिनीवर सांडायची असते. फेलिसितासने नाइदाला पढवलं, "तू सगळीच तिला पाज. तुला कोण अडवणार?"

मिरवणुकीच्या दुपारी फेलिसितास माझ्या रश्श्याच्या गाड्यावर आली, म्हणे मदतीला! हातात पळी, डोळे रस्त्यावर.

"नाइदाची रांग एव्हाना यायला हवी होती."

"येईल गं, बस की जरा!" मी खेकसले.

पळी माझ्या हातात कोंबून ती पळालीच. गाडा टाकून मीही मागे धावले.

नाइदा एका दुकानाच्या पायरीवर कलंडली होती. मैत्रिणींनी वर शाल पांघरली होती.

"चढलीय तिला," त्यांतली रोक्साना फोन समोर धरून हसत म्हणाली. "झोपू दे, उतरेल."

फेलिसितासने नाइदाचं बोट टोचून पाहिलं. रक्तातली साखर पार खाली गेली होती. पोरीला गिळता येत होतं, म्हणून तिला बसतं करून घोटघोट सरबत पाजलं. तेवढ्यात इलारिया आली. तिने लेकीच्या तोंडाचा वास घेतला. बिअरचा मागमूस नव्हता.

"तू हमी घेतली होतीस!" ती फेलिसितासवर ओरडली.

फेलिसितास नाइदाला सरबत पाजतच राहिली. थोड्या वेळाने तिने पुन्हा बोट टोचलं. साखर चढत होती. मला तर तिथेच रडू फुटलं.

"इन्सुलिन घेतलं होतं," नाइदा पुटपुटली. "पण पोलकं घट्ट होतं, म्हणून जेवले नाही."

"आणि आजाराचं कुणाला सांगितलंस?" फेलिसितासने विचारलं.

नाइदाने मान खाली घातली.

"मग आत्ता सांग."

"सगळ्यांसमोर?" इलारिया कासावीस झाली. "उद्या हिचं लग्न कसं जमायचं?"

नाइदाने आईकडे पाहिलं, मग मैत्रिणींकडे. "मला मधुमेह आहे," ती म्हणाली. "पुन्हा अशी दिसले तर झोपवू नका. गोड पाजा, मोठ्या माणसाला बोलवा."

रोक्सानाच्या हातातला फोन खाली आला. "आम्ही तर तुझे फोटो काढत होतो गं," ती म्हणाली.