पालथं पडून पाहणारा माणूस

दूधवाला गजानन त्या सकाळी दारात आला तो कॅन न घेताच. म्हणाला, "काकू, काका धुऱ्यावर पडून हायेत. मी जाताना पाह्यले, येताना पाह्यले... तसेच हायेत." मी हसले, हे आज सांगताना लाज वाटते. म्हटलं, "फोटो काढत असतीन. त्यायले कोण उठवन?" गजानन जागचा हलला नाही. "आवाज देल्ला काकू. वळून नाई पाह्यलं." तेव्हा मी चहाखालचा गॅस बंद केला.

पुलगावच्या बाहेर रस्त्याला लागून एका ओळखीच्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे. तिच्या बांधावर, आम्ही त्याला धुरा म्हणतो, माझे यजमान मारोतराव पोटावर पालथे पडलेले होते. कॅमेरा हातातच. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. नेमकं केव्हा ते सांगता येणार नाही. कामावर जाणारी कितीतरी माणसं त्या रस्त्याने गेली असतील. सगळ्यांनी त्यांना पाहिलंही असेल. पण रोजच तसा पडणारा माणूस आज का पडलाय, हे बघायला कोण थांबणार?

ह्यांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेली. आत कॅमेरा न्यायचा नाही, आतलं बाहेर बोलायचं नाही. घरी आले की हातपाय धुवायचे, जेवायचे आणि गप्प बसायचे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतं. पुढे सवय झाली... सवय म्हणजे काय, मीही बोलणं कमी केलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि घरात कुकरच्या शिट्टीचाच काय तो आवाज उरला.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी नागपूरहून एक जुना कॅमेरा आणला, आणि अगदी जवळचं टिपणारी एक लेन्स. मला वाटलं, आता हिंडू, चार गावं पाहू. पण ह्यांचं जग वीतभर अंतराच्या पलीकडे गेलंच नाही. पऱ्हाटीचं फूल, तरोट्याचं फूल, आगकाडीचं टोक, कंगव्याचा दात, माझ्या डब्यातली साखर. साखरेचा एक दाणा कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला तेव्हा मी विचारलं, "हे काचेचं घर कोणाचं व्हय?" तर हे चक्क हसले. फुलाजवळ वारा नको असायचा, म्हणून मी दुपट्टा धरून आडोशाला उभी राहायची. "हालू नको," एवढंच म्हणायचे. एकदा मात्र आपणहून बोलले, "हे फूल आज पिवळं हाय, उद्या गुलाबी होते. पिवळं एकच दिवस भेटते." मी शेतकऱ्याची लेक, लहानपण कापूस वेचण्यात गेलं, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग गुडघे दुखायला लागले आणि मी जाणं सोडलं. हे एकटेच जाऊ लागले.

गेल्या वर्षी आम्ही गिरडला गेलो होतो. टेकडीवर छान वारा होता. मी म्हटलं, "अवो, दोघांचा एक फोटो काढा नं कोणाकडून." हे म्हणाले, "मले दूरचं नाई जमत," आणि खाली बसून पायरीच्या भेगेतल्या गवताचं फूल टिपू लागले. माझा संयम सुटला. "मी काऊन दिसत नाई तुमाले? मी फूल नाई, काडीपेटी नाई म्हणून?" परतताना एसटीने समुद्रपूर मागे टाकलं. मग खिडकीबाहेर बघत हे म्हणाले, "डेपोत पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, आपल्या हाताखालचं पाह्यजो, आजूबाजूले पाहू नको. तेवढंच शिकलो मी. तू बाजूले होती... राहून गेलं." ह्यांचा हात माझ्या शेजारीच सीटवर होता. मी तो हातात घेतला नाही.

हे गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर ओळखपत्रावरचा सोडून एकही नव्हता. मुलीने कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मी शेजारी बसून एकेक फोटो पाहिला. एखादा तरी माझा असेल, असं वाटत होतं. नव्हता. शेवटचा फोटो पिवळ्या फुलाच्या आतला, परागाचा कण न् कण वेगळा दिसणारा. "आई, जरासुद्धा हललेला नाही," मुलगी म्हणाली. म्हणजे तोवर ह्यांचा हात स्थिर होता. तेवढ्यावरच आम्ही दोघी रडलो.

मुलगी परत गेली. गजानन दूध घालायचा, पण नजरेला नजर द्यायचा नाही. शेवटी एका सकाळी तोच म्हणाला, "काकू, मी जातानाच थांबलो असतो तं..." मी म्हटलं, "मले तिथं घेऊन चाल."

त्याने गाडीवर बसवून नेलं, जागा दाखवली. मी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि हळूहळू पालथी पडले. "काकू, काय करून राह्यल्या?" तो घाबरला. मी म्हटलं, "थांब जरा तिथंच."

तिथून रस्ता दिसत नव्हता. माणूस दिसत नव्हता. पऱ्हाटीचे दांडे, त्यांतून येणारं ऊन, ढेकळावरून चढणारी एक मुंगी. फुलं संपत आली होती, बोंडं धरली होती. ह्यांचं फूल त्यातलं कोणतं, मला कसं कळणार... मी बराच वेळ तशीच पडून राहिले. गजानन गाडीजवळ उभा होता. थोडा वेळ गेला की हाक मारायचा.

"काकू?"

"हाव."

पुन्हा जरा वेळाने, "काकू?"

"हाव रे. हाय मी."