खिरीतली एनर्जी

"तुझी एनर्जी इथे नको गं. तू बाहेर टॉयलेट ब्लॉक बघतेस का?"

सरिताताई हसत हसत म्हणाली आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला. मी खीर ढवळत होते. ऑकलंडबाहेरच्या टेकडीवरचं ध्यानाचं कम्यून, गुरू हिमालयातले, आणि त्या दिवशी त्यांच्या वाढदिवसाचा उत्सव. त्याआधीचे तीन शनिवार मी ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातून गाडी हाणत सेवेला येत होते. प्रत्येक वेळी हीच बाई म्हणायची, "तुझ्या हाताला काय चव आहे गं!" मग त्या हाताला एकाएकी झालं काय?

झालं एवढंच की माझा फोन वाजला. औरंगाबादहून माझा भाऊ. मी सवयीनं म्हणाले, "जय भीम, दादा. बोल."

बस्स.

कम्यूनमध्ये आल्या आल्या नवं नाव मिळायचं. आडनाव दाराबाहेर ठेवा, असं तिथला प्रमुख, एक म्हातारा गोरा, सगळ्यांना सांगायचा. मीही भोळी. आडनाव गेलं म्हणजे सुटलो बुवा एकदाचे! पण ही ऑकलंडच्या अल्बनी उपनगरात राहणारी पुणेकर बाई, नवरा आयटीत, पोरं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिला माझ्या दोन शब्दांत सगळं कळलं. आणि जात म्हणायची लाज वाटली, म्हणून एनर्जी म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मी गेले. मी, इंजिनिअर, रबरी हातमोजे चढवून संडास घासत बसले. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

घासून झालं, कचऱ्याची पिशवी टाकायला मागच्या कंपोस्टकडे गेले. तिथे खीर. माझी खीर, पातेलंच्या पातेलं उपडं केलेलं. अजून वाफा येत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तशीच हॉलमध्ये घुसले, ओल्या रबरी चपलांनी. समोर बुद्धाची ही मोठी मूर्ती. बुद्ध चालतो यांना, बौद्ध बाई चालत नाही! लोक गोल बसून आपापले ध्यानाचे अनुभव सांगत होते. मी माइक घेतला. सरिताताई धावत आली, मराठीत पुटपुटली, "अगं, इथे नको. आपापसात बोलू ना आपण."

आपापसात! तिथेच तर हे सगळं बिनबोभाट चालतं.

मी इंग्रजीत बोलले. जात म्हणजे काय ते सांगितलं. खीर का फेकली ते सांगितलं. कोणी फेकली, तेही नाव घेऊन सांगितलं. सरिताताईचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "खीर करपली होती." म्हातारा उठला, हात जोडून गोड हसला. "लेट इट गो, माय डिअर."

"नो," मी म्हणाले. "आय वोंट."

आणि माइक हातातून सोडला नाही.

सोडून दे, असं मलाच सांगतात. जिनं घट्ट धरून ठेवलंय तिला कोणी काही म्हणत नाही. ठीक आहे. मी सोडणार नाही. जिथे मला बाजूला काढतील तिथेच, त्याच क्षणी, नाव घेऊन बोलणार, तिथल्या शेवटच्या माणसाला कळेल अशा भाषेत. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडणारी बाई आता नाही मी.