जर्मनीला निघालेले लाडू

बालाघाटच्या कुरियरच्या दुकानात माझ्यापुढे कटंगीकडची एक बाई होती. जर्मनीत बाळंत झालेल्या लेकीसाठी तिनं डिंकाचे लाडू आणले होते.

“पोचेपर्यंत खराब होतील, काकी,” दुकानदार म्हणाला.

तिनं पिशवीतून दुसरा डबा काढून आमच्या हातावर एकेक लाडू ठेवला. “खाऊन पाहा.”

लाडू खमंग होता.

“मागच्या महिन्यातला हाय,” ती म्हणाली.

दुकानदार हसून खोकं बांधू लागला.

“तुम्हीच काहून नाही जात?” मी विचारलं.

“पासपोर्ट बनून राह्यला ना!”

एवढ्या लांबच्या प्रवासाची धास्ती मलाच वाटली, तिला नाही. खोक्याच्या चिकटपट्टीवरून तिनं अंगठा दाबून फिरवला, वर थाप मारली. “हो पुढं. मी येऊनच राह्यली मागून.”